आकडा चार, पाणी निर्मळ

ज्या उन्हाळ्यात कवठीचा तलाव तळ दिसेल इतका नितळ झाला, त्याच उन्हाळ्यात कवठीची माणसं एकमेकांच्या हातचं खायची बंद झाली. बारशाच्या पंगतीला लोक घरून जेवून येऊ लागले. देवळातला प्रसाद पदराच्या गाठीत जायचा आणि घरी गेल्यावर चुलीत. संशय एकदा गावात शिरला की तो पाहुण्यासारखा दोन दिवसांत परत जात नाही. तो फिरत फिरत शेवटी एका दारात येऊन ठिय्या देऊन बसला, आणि ते दार होतं श्यामकला वलथरेचं.

श्यामकलाचं वय बावन्न. अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, लेक रायपूरला दिलेली. कवठीतल्या ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीत ती तीस वर्षं पावशीवर बसत होती. पावशी म्हणजे पायाखाली दाबून धरायची विळी. सासूनं मरायच्या आधी ती तिच्या हवाली केली होती आणि गावात श्यामकलाला जो काही मान होता तो त्या पात्याचा होता.

कवठीची एक जुनी रीत आहे. हंगामात दर शनिवारी सकाळी महाजाल ओढतात. त्यात सापडलेला सगळ्यांत मोठा मासा विकायचा नाही. पावशीवाली तो तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच कापते, त्याची कलेजी पळसाच्या पानात बांधून निखाऱ्यावर भाजते आणि ज्या घराचा नंबर असेल त्या घरच्या माणसाच्या हातावर ठेवते. याला मानाचं पान म्हणतात. मिळालेलं पान हवं तर दुसऱ्याला देता येतं, पण नाकारता येत नाही. नाकारलं म्हणजे तलावाचा अपमान झाला, असं मानतात.

यात खरं कसब असतं ते कलेजी काढण्यात. कलेजीला चिकटून पित्ताची हिरवी पिशवी असते. कतल्याचं, रोहूचं पित्त हे नुसतं कडू नसतं, ते जहर असतं. नखाएवढं पोटात गेलं तरी माणूस दवाखाना गाठतो. श्यामकलाच्या हातून तीस वर्षांत ती पिशवी कधी फुटली नव्हती. आणि त्या चैत्रात लागोपाठ तीन शनिवारी पान खाल्लेली तीन माणसं आडवी झाली.

पहिला म्हातारा मनिराम मारबते. पान खाल्ल्यावर सहा तासांनी उलट्या, दुसऱ्या दिवशी डोळे हळदीसारखे. आरोग्यसेविकेनं बोटातला थेंब यंत्राला दाखवला, तर यंत्रानं यकृताच्या नावानं ठणाणा केला. दुसरा झनकलाल, तिसरी सुगंधा. तिघंही वाचले, पण अंथरुणाला खिळले. मग कुणीतरी हिशोब मांडला, की या तिघांशीही श्यामकलाचं भांडण झालेलं आहे. हिशोब बरोबरच होता. फक्त श्यामकलाचं जिच्याशी भांडण झालं नाही अशी भिंतसुद्धा कवठीत नव्हती, हे सांगायचं सगळे सोयीस्कर विसरले.

तलावाकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही. दाखवणार कसं? त्याआधीची पंधरा वर्षं तलाव उन्हाळा लागला की हिरव्या रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखा व्हायचा. गावात म्हणायचे, 'तलावाले काई आली.' शास्त्रात त्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात, पण ते धड शेवाळही नव्हे. ते सूक्ष्म जिवाणू असतात. झाडासारखे उन्हावर जगतात आणि पृथ्वीवर झाडं यायच्या कितीतरी आधीपासून जगत आले आहेत. शेतातलं खत, साबणाचं पाणी, जनावरांचं शेण असं सगळं वाहून तलावात आलं, वरून अठ्ठेचाळीस अंशांचं ऊन मिळालं, की त्यांची जत्रा भरते. त्यांच्या अंगात हवेच्या इवल्या पिशव्या असतात. त्यांच्या जोरावर ते सकाळी वर तरंगतात, ऊन खातात, पोट भरून जड झाले की खाली जातात. वर त्यांची साय धरली की खालच्या पाण्याला ना उजेड मिळतो ना प्राणवायू. मासे तोंड वर काढून मरतात आणि अर्ध्या कोसावरून वास येतो.

मागच्या दिवाळीत सरकारी योजनेतून 'निवळी' आली. गढूळ पाण्याच्या माठात निवळीची बी घासतात, तिच्यावरून हे नाव दिलेलं. तलावाच्या मधोमध तरंगणारं पिवळं यंत्र, वर सौरपाटी. ते पाण्यात असा आवाज सोडायचं की जो माणसाला ऐकू येत नाही, पण त्या धक्क्यानं जिवाणूंच्या अंगातल्या हवेच्या पिशव्या फुटतात. पिशवी फुटली की त्याला वर येता येत नाही. तळाच्या अंधारात तो उपाशी मरतो. ना औषध, ना जहर. निवळी मोजणीही करायची. पाण्यात नारिंगी उजेड टाकायची, तो पडला की या जिवाणूंच्या अंगातला रंग लाल चमकतो. जितकी चमक तितका आकडा. पाळीवर एक बोलका फलक बसवला होता. तो रोज सकाळी सातला आणि परत आठला शहरी बाईच्या गोड आवाजात सांगायचा, "कवठी तलाव. आजचा आकडा चार. पाणी निर्मळ."

आकडा नव्वद दिवस दहाच्या खाली राहिला, तर तलावाचा ठेका वीस वर्षांसाठी सोसायटीकडे राहणार होता. नाही राहिला तर लिलाव, आणि लिलावात बाहेरचा ठेकेदार आला की साठ घरांनी जाळी खुंटीला टांगायची. म्हणून तो आकडा सगळ्या गावाचा लाडका झाला होता. बायका तर इतक्या हरखल्या होत्या, की पंधरा वर्षांनी त्या पुन्हा पिण्याचं पाणी तलावातून भरू लागल्या. उकळून प्यायचं, म्हणजे झालं.

यंत्राची देखभाल करायचा सोसायटीचा सचिव डुलीचंद. श्यामकलाचा सख्खा धाकटा दीर.

रविवारी सोसायटीच्या ओसरीवर बैठक बसली. श्यामकला खांबाला टेकून उभी होती. कुणी तिला बस म्हटलं नाही.

"आमी तुह्यावर आळ नाही घेत व श्यामकला," काठीवर हनुवटी टेकून मनिराम बोलला. त्याचा आवाज अजून खोल गेलेला होता. "पन वय होते बाई मानसाचं. डोरे अधू होतेत. फुटली असंन थैली."

"माह्या हातून थैली फुटली असती तं पहिल्या घासाले कडू लागलं असतं तुमाले," श्यामकला म्हणाली. "लागलं का कडू?"

मनिरामनं काठीवरची हनुवटी उचलली. मग म्हणाला, "नाही. गोडच होतं."

"मंग?"

"मंग मुद्दाम काही टाकलं असंन," मागून निरंजनाचा आवाज आला. निरंजना म्हणजे डुलीचंदची बायको, श्यामकलाची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांमध्ये एकच कूड होता आणि त्या कुडाच्या दोन्ही बाजूंनी वीस वर्षं टोमणे जात-येत होते. सासूनं पावशी थोरलीला दिली, हे निरंजना अजून विसरली नव्हती.

ओसरीवर गलका झाला. शेवटी डुलीचंदनं हात वर केला. तो शांत माणूस, शिकलेला, चढ्या आवाजात बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. ठराव झाला तो असा, की येत्या शनिवारचं मानाचं पान श्यामकलानंच सगळ्यांसमोर खायचं. खाल्लं तर पावशी तिची. नाही खाल्लं तर पावशी निरंजनाकडे जाईल आणि श्यामकलानं पाळीवर पाऊल ठेवायचं नाही.

श्यामकला घरी आली आणि आधी पावशीच्या पात्यावरून बोट फिरवलं. मग दिव्याखाली स्वतःचे डोळे आरशात बघितले. आपल्याच हातावर आपला भरवसा राहू नये, यापेक्षा वाईट काही नसतं. ती रडली, आणि रडू आलं याचा तिला रागही आला. राग आल्यावर डोकं चालू लागलं. थैली फुटली नाही. आपण काही टाकलं नाही. मग टाकलं कुणी? पावशी कुणाला पाहिजे? निरंजनाला. आणि शनिवारी जाळं पडायच्या आधी तलावात रोज कोण जातो? निरंजनाचा नवरा.

एवढं सुचल्यावर तिला सगळंच दिसायला लागलं. डुलीचंद दुपारी तीनला डोंगा, म्हणजे छोटी होडी, घेऊन निघतो, तेव्हा पाळीवर चिटपाखरू नसतं. त्याच्याजवळ निळ्या झाकणाचा डबा असतो. तो डबा तो कधी कुणाच्या हातात देत नाही.

सोमवारी दुपारी ती बेशरमाच्या झुडपाआड दबा धरून बसली. तलावाकाठी बेशरम माजलेलीच असते, आणि दिरावर पाळत ठेवायला तीच जागा मिळावी याचं तिचं तिलाच हसू आलं. डुलीचंद आला. डोंगा यंत्राला लावला. डबा उघडला, काहीतरी ओतलं, हात हलवत राहिला. मग यंत्राचं झाकण उघडून आत वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. परत येताना त्यानं चारही बाजूंना बघितलं. चोराच्या मनात चांदणं, असं ती मनाशी म्हणाली.

तो गेल्यावर ती पाण्यात उतरली. ढिवराच्या घरची बाई, शंभर हात पोहून जाणं तिला अंगण ओलांडण्यासारखं. डबा तो यंत्रावरच विसरला होता. तिनं झाकण काढून वास घेतला. साबणाचं पाणी आणि एक फडकं निघालं. सौरपाटी पुसायचं. एवढंच. तिची इतकी निराशा झाली, की जहर सापडलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटून गेलं.

मग तिनं यंत्राचं झाकण उघडलं. आत एक गोल कळ होती, एक ते दहा आकडे. तिनावर लाल रेघ. कळ नवावर होती. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डोक्यावर बांधलेला फोन काढून तिनं कळीचा फोटो घेतला.

डोंगा नव्हता, म्हणून ती यंत्राला धरून दम घेत राहिली आणि खाली बघत राहिली. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळ स्पष्ट दिसत होता. तळावर काळा, मऊ, लोण्यासारखा गाळ होता. त्यातून बुडबुडे येत होते. शिंपल्या उघड्या पडल्या होत्या, शेकड्यानं, सगळ्या मेलेल्या. ज्या तळावर ती नवी सून असताना पाय रोवून शिंगाडे काढायची तिथे आता पाय टेकवायची तिला हिंमत झाली नाही.

त्या संध्याकाळी तिनं एक रोहू फेकजाळ्यात धरून आणला आणि घरात दार लावून कापला. थैली अखंड निघाली. कलेजी तिनं उजेडात धरली. चांगल्या माशाची कलेजी काळपट लाल असते, दाबली तर बोटाला उलट दाबते. ही पिवळट होती, सुजलेली, आणि बोट लावलं तर भुगा होत होती. तिच्या लक्षात आलं की गेले तीन शनिवार कलेजी अशीच निघत होती. हाताला ते कळत होतं, डोक्यानं विचारलं नव्हतं.

तालुक्याच्या कॉलेजात खोब्रागडे मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. पूर्वी तलावातल्या पाणवनस्पतींची यादी करायला त्या कवठीला आल्या होत्या, तेव्हापासून श्यामकलाची ओळख. मंगळवारी पहिल्या गाडीनं ती बर्फाच्या डब्यात कलेजी आणि बाटलीत पाणी घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसली. फोनमधला कळीचा फोटो दाखवला.

मॅडमनी फोटो मोठा करून बघितला आणि चष्मा काढला. "नऊ? श्यामकलाताई, हे कुणी केलं?"

"काय होते त्यानं?"

"तिनावर ठेवलं तर फक्त हवेच्या पिशव्या फुटतात. जिवाणू अख्खा राहतो आणि खाली बसतो. नवावर अख्खा जिवाणूच फुटतो." मॅडमनी टेबलावरची शेंग उचलली आणि दाबून फोडली. "या जिवाणूंच्या पोटात विष असतं. जिवंत असताना ते बहुतेक आतच राहतं. माणूस हिरवं पाणी बघून लांब राहतो, तेव्हा धोका दिसतो तरी. फोडलं की सगळं विष पाण्यात मोकळं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते जास्त दाट होतं."

"पन आकडा तं चार सांगते रोज."

"यंत्र खोटं बोलत नाहीये. ते रंग मोजतं. जिवाणू फुटला की रंगही विरतो. आकडा उतरतो, विष तिथंच असतं. विष मोजायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही." त्या जरा थांबल्या. "आणि हे विष यकृतात जाऊन बसतं. माशाच्याही आणि माणसाच्याही. तुमच्या पाण्यात थोडं थोडं असेल, पण माशानं महिनोन्महिने ते कलेजीत साठवलंय. तुम्ही मानाचं म्हणून नेमका तोच भाग काढून देताय."

श्यामकलानं बर्फाच्या डब्याचं झाकण लावून टाकलं. तिला मनिरामचे डोळे आठवले. पान तिनंच दिलं होतं, दोन्ही हातांनी, वर 'खा जी' म्हणून. आणि आणखी एक गोष्ट तिला आठवली जी ती मॅडमना सांगू शकली नाही. पौषात आकडा तिशीवर अडकला होता, तेव्हा भरल्या बैठकीत डुलीचंदवर ओरडली होती ती कोण? 'मशीन आहे का खेळनं? जोर वाढवा न भाऊजी, जोर नसंन तं!' सगळे हसले होते. डुलीचंदनं मान खाली घातली होती. तिला मनापासून लाज वाटली.

"हे सगळं माझं अनुमान आहे," मॅडम म्हणाल्या. "तपासणी झाल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही. नमुना सोसायटीच्या नावानं नोंदवावा लागेल, म्हणजे अहवाल शुक्रवारी सचिवांच्या फोनवर जाईल. मी तेव्हा दिल्लीच्या गाडीत असेन. तोवर कलेजी खाऊ नका. पाणी पिऊ नका. आणि ते यंत्र बंद करायला सांगा."

तिनं सांगितलं. घरोघर जाऊन सांगितलं. आणि गावानं ऐकलं नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढते, म्हणाले. शनिवार जवळ आला तसं हिला तलावात जहर दिसायला लागलं, म्हणाले. कुडापलीकडून निरंजना तर मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "आमच्या मानसानं राब राब राबून तलाव आरशावानी केला, ते पाहावत नाही काही लोकायले. मी तं दोन घागरी जास्तच आनीन."

डुलीचंदला ती बुधवारीच भेटली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "रिपोर्ट येऊ द्या वहिनी," म्हणाला. "आल्यावर पाहू. सोमवारी नव्वद दिवस भरतेत. मशीन आता बंद केली तं चार दिवसांत काई वर येईन आनि साठ घरं रस्त्यावर." त्याचं म्हणणं तिला खोडता आलं नाही. त्या साठ घरांत तिचंही घर होतं.

शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी ती कुडाजवळ गेली. डुलीचंद अंगणात खाटेवर बसला होता.

"आला का जी रिपोर्ट?"

"नाही आला," तो म्हणाला.

एरवी हा माणूस तिच्याशी बोलताना तलावाकडे बघायचा, जमिनीकडे बघायचा, कुठेही बघायचा. आज तो थेट तिच्या डोळ्यांत बघत होता. श्यामकला घरात आली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिनं मॅडमना फोन लावला. बंद होता. परत लावला. परत बंद.

शनिवारी सकाळी पाळीवर साठही घरं होती. अंथरुणातून उठून झनकलालही आला होता. जाळं ओढलं गेलं, नऊ किलोचा कतला निघाला. सातला फलक गोड आवाजात बोलला, "आजचा आकडा चार. पाणी निर्मळ." कुणीतरी टाळी वाजवली.

श्यामकला पावशीवर बसली.  तिनं पोट उघडलं, दोन बोटांनी कलेजी उचलली आणि पित्ताची थैली अखंड सोडवून वेगळ्या पानावर ठेवली. "पाहून घ्या," ती म्हणाली. मनिराम वाकला, अगदी नाक लावून बघितलं आणि मान हलवली. थैली शाबूत होती. मग तिनं कलेजी पळसाच्या पानात बांधून निखाऱ्यावर ठेवली. पान करपल्याचा वास सुटला. 

खायचं तिनं ठरवलंच होतं. खाऊन आजारी पडलो तर निदान नाव तरी धुऊन निघेल, असा तिचा हिशोब होता. आजारी नाही पडलो तर? तर मॅडम चुकल्या आणि आपणच विषारी ठरलो. म्हणजे या गावात राहायचं तर आता मरणाच्या दारात जाऊन यायला पाहिजे. तिनं गरम पान तळहातावर घेतलं आणि सहज वर बघितलं.

सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. एकटा डुलीचंद पानाकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि सकाळचे अजून आठही वाजले नव्हते.

श्यामकला उठली आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "पान माहं आहे. मी कोनालेबी देऊ शकतो. मी भाऊजीले देतो." तिनं हात पुढे केला. "तलाव यायनंच निर्मळ केला. मान यायचाच आहे."

डुलीचंदचा हात उठला नाही.

"आज राहू द्या वहिनी," तो म्हणाला. "झालं तेवढं बस झालं. पान बंद करू आजपासून."

"पान नाकारता येत नाही जी," मनिराम मागून म्हणाला.

"माहं पोट बरं नाही."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. निरंजना पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. आपल्या नवऱ्याला ही बया चारचौघांत कोपऱ्यात गाठते, एवढंच तिला दिसत होतं. "आना इकडे!" तिनं श्यामकलाच्या हातावरचं पान हिसकलं. "माह्या मानसावर शक घेता? त्यायच्या तलावातलं मी खातो. पाहा सगळे!"

तिनं कलेजीचा तुकडा तोंडाजवळ नेला, आणि डुलीचंदनं तिच्या हातावर असा फटका मारला की पान उडून पाळीच्या दगडावर पडलं. आयुष्यात कधी कुणावर आवाज न चढवलेला माणूस. फटक्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

एक कुत्रं पानाकडे धावलं. श्यामकलानं त्याला हाकललं, कलेजी उचलून निखाऱ्यात टाकली आणि जळेपर्यंत तिथंच उभी राहिली. ती जिंकली होती. इतके दिवस ती ज्या क्षणाची वाट बघत होती तो हाच होता, आणि तिला अजिबात आनंद झाला नाही. समोर तिचा दीर लहान मुलासारखा उभा होता, आणि कळ वाढवायला सांगणारी ती स्वतः होती.

"रिपोर्ट आला होता," निरंजना म्हणाली. तिनं विचारलं नाही, सांगितलं.

"काल दुपारी," डुलीचंद म्हणाला. मग त्याला थांबवेना. "दोनच दिवस राहिले होते. सोमवारी ठेका हातात आला असता. मंग मशीन बंद करनार होतो, सगळ्यायले सांगनार होतो, आईची शपथ. साठ घरं आहेत. मी माह्यासाठी नाही केलं. जोर कमी पडते म्हने तं जोर वाढवला. मले काय ठाऊक त्यातून असं निघंन? आनि पाण्यात थोडंसंच आहे, लिवलं आहे त्यात. कलेजीत जास्त आहे. दोन दिवसांत पाण्यानं काही होत नाही..."

"सोमवारपर्यंत पानी पेऊ देनार होते आमाले?" झनकलाल ओरडला. तो पुढे सरसावला, दोघातिघांनी त्याला धरलं. बायकांमध्ये रडारड सुरू झाली. कुणी घरी ठेवलेल्या घागरी आठवून पाळीवरून पळत सुटल्या. फलकाचा गोड आवाज मध्येच पुन्हा बोलू लागला, तेव्हा मनिरामनं काठी घालून त्याची वायर तोडली.

श्यामकला डुलीचंदजवळ गेली. "आधी मशीन बंद करून या," ती म्हणाली. "मंग जे व्हायचं ते होईन. ठेका जाईन तं जाईन. कळ वाढवा मी म्हनलं होतं, तेबी मी सांगीन सगळ्यायले." मग तिनं निरंजनाचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. "चल व माय. दवाखान्यात चल. थेंब तपासून घेऊ."

निरंजना दोन पावलं चालली आणि थांबली. ती नवऱ्याकडे बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. काहीतरी हळूहळू लक्षात येत असलं म्हणजे माणूस बोलतो तशी ती बोलत होती.

"अजी," ती म्हणाली, "सकारी मी घागर भरून आनली, तं तुमी ओट्यावर बसले होते. मी चाय मांडली. तुमाले दिली. तुमी म्हनले पोट जड आहे, नोको."

डुलीचंदनं नजर तलावाकडे वळवली.

"वाया जाईन म्हून तुमचीबी मीच पेली."